शाळेच्या दिवसांतली न्याहारी: कॉर्नफ्लेक्सचा खर्च आटोक्यात कसा आणावा?

पूर्णाकाठची (दर्यापूर तालुका)

नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील एका लहान गावात राहते. घरात मी, माझे यजमान, सासूबाई आणि नऊ व तेरा वर्षांची दोन मुले अशी पाच माणसे आहोत. मुलांच्या शाळेची गाडी सकाळी साडेसहाला फाट्यावर येते आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मलाही सातच्या आत वावरात पोचावे लागते. गेल्या दिवाळीत मुले अमरावतीला मामाकडे राहून आली, तेथे त्यांनी दुधात घालून खायचे चॉकलेटच्या चवीचे फ्लेक्स खाल्ले, आणि तेव्हापासून आमच्या घरी सकाळी दुसरे काही चालेनासे झाले. मला ते सोयीचे वाटले, हेही मान्य करते; चूल न पेटवता पाच मिनिटांत दोन्ही मुले खाऊन निघतात.

मागच्या महिन्यात मी वहीत हिशेब मांडला तेव्हा मात्र काळजी वाटली. चॉकलेटच्या चवीचे 375 ग्रॅमचे तीन पुडे प्रत्येकी 195 रुपयांना, साध्या कॉर्नफ्लेक्सचे 475 ग्रॅमचे दोन पुडे प्रत्येकी 185 रुपयांना आणि पुडा संपला की गावातल्या दुकानातून आणलेल्या दहा रुपयांच्या 22 पुड्या, असे मिळून 1,175 रुपये झाले. यात दूध धरलेले नाही. आमच्यासारख्या कोरडवाहू शेती करणाऱ्या घराला दर महिन्याला ही रक्कम जड जाते.

खर्च कमी करण्याचा एक प्रयत्न मी केला होता, पण तो फसला. बाजारात मक्याचे पोहे सुटे मिळतात आणि ते पुड्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असतात, म्हणून मी एक किलो आणले आणि मुलांना दुधात घालून दिले. ते दहा मिनिटांनीही भिजले नाहीत. मुलांनी वाटी तशीच ठेवली आणि सासूबाईंनी एक घास खाल्ला तर त्यांचा दात दुखावला. अखेर ते सगळे तळून चिवड्यात घातले.

आता माझे विचारणे असे आहे की, मोठा पुडा घ्यावा की लहान, अमरावतीहून एकदम दोन महिन्यांचा माल आणणे परवडते का, आणि आपल्याकडच्या कोणत्या वस्तू मुलांच्या वाटीत अशा रीतीने घालता येतील की ती त्या नाकारणार नाहीत? फ्लेक्स पूर्ण बंद करण्याची माझी तयारी नाही, कारण उपाशीपोटी शाळेत जाण्यापेक्षा ते बरे, असे मला मनापासून वाटते.

आर्वीचा दुकानदार

ताई, मी वर्धा जिल्ह्यात किराणा दुकान चालवतो आणि हा माल रोज हाताळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा मक्याच्या पोह्यांचे सांगतो, कारण ही चूक अनेकांची होते. चिवड्यासाठी सुटे मिळणारे मक्याचे पोहे म्हणजे मका शिजवून, चपटा करून, वाळवलेला माल असतो. तो भाजलेला नसतो आणि गरम तेलात फुलल्याखेरीज खाण्याजोगा होत नाही. न्याहारीच्या फ्लेक्समध्ये मक्याची भरड साखर, मीठ आणि माल्ट घालून शिजवतात, वाळवतात, रुळाखाली चपटी करतात आणि शेवटी भट्टीत खरपूस भाजतात. त्या शेवटच्या भाजणीमुळे ते थेट दुधात घालता येतात. दोन्ही वस्तू मक्याच्याच असल्या तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

आता तुमच्या हिशेबाकडे येतो. तुम्ही आणलेल्या मालाचे वजन जोडले तर ते सुमारे 2,560 ग्रॅम भरते. शाळेचे 26 दिवस आणि दोन मुले धरली तर एका मुलाच्या एका न्याहारीला सुमारे 49 ग्रॅम माल आणि 22 रुपये 60 पैसे लागले. पुड्यावर बहुधा 30 ग्रॅमची एक वाटी धरून आकडे छापलेले असतात, परंतु वाढत्या वयाच्या मुलाचे पोट 30 ग्रॅम फ्लेक्सने भरत नाही, म्हणून ‘एका पुड्यात इतक्या वाट्या’ या छापील हिशेबावर महिन्याचा अंदाज बांधू नका. दूध साठ रुपये लिटर आणि एका वाटीला दीडशे मिलिलिटर धरले तर आणखी नऊ रुपये होतात. म्हणजे एक वाटी साडेएकतीस रुपयांना पडते आणि तिच्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा दुधाचा असतो.

पुडा मोठा की लहान, याचे उत्तर पुड्याच्या आकारावरून देता येत नाही. आता आवेष्टित मालावर कमाल किरकोळ किमतीच्या जवळपास एकक विक्री किंमतही छापावी लागते. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यावर ती प्रति ग्रॅम आणि त्याहून मोठ्या पुड्यावर प्रति किलो असते. तुमचा साधा पुडा ग्रॅमला 39 पैसे पडला आणि चॉकलेटचा 52 पैसे. दहा रुपयांच्या पुडीचे वजन तुम्ही लिहिलेले नाही. माझ्याकडे जी पुडी आहे ती 22 ग्रॅमची आहे आणि तीच धरून मी वरचे एकूण वजन काढले आहे. ती ग्रॅमला 45 पैसे पडते, म्हणजे चॉकलेटच्या मोठ्या पुड्यापेक्षा लहान पुडी स्वस्त निघाली. मोठा माल नेहमी स्वस्त असतो ही समजूत धान्याला लागू पडते, पण दहा रुपयांचा ठरीव भाव सांभाळण्यासाठी कंपन्या पुडीच्या वजनात काय फेरफार करतील याचा नेम नसल्यामुळे पुड्यांच्या मालाला ती लागू पडेलच असे नाही. दर खेपेला प्रति ग्रॅम आकडा वाचावा. तो फार बारीक अक्षरांत असतो, तेव्हा दुकानदाराला वाचून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये; मी माझ्या गिऱ्हाइकांना आनंदाने वाचून दाखवतो.

खोका आणि पिशवी यांतही फरक असतो. खोका उंच दिसतो, परंतु आतली पिशवी अनेकदा वरून बरीच रिकामी असते, कारण फ्लेक्स वाहतुकीत खाली बसतात. एकाच कंपनीचा तोच माल नुसत्या पिशवीत मिळत असेल तर तो ग्रॅमला स्वस्त पडतो का ते पाहावे. वाटी, डबा किंवा खेळणे मोफत असलेला पुडा घेताना ती वस्तू वेगळी काढून उरलेल्या मालाचाच भाव मनात धरावा.

एक महत्त्वाची गोष्ट कराची आहे. कॉर्नफ्लेक्सवर पूर्वी 18 टक्के वस्तू व सेवा कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला आहे. मूळ किंमत शंभर रुपये धरली तर जो पुडा 118 रुपयांना पडत होता तो 105 रुपयांना पडायला हवा, म्हणजे सुमारे 11 टक्के उतार. तुमचा 185 रुपयांचा पुडा जुन्या छपाईचा असेल तर त्याच हिशेबाने तो 165 रुपयांच्या आसपास यायला हवा. पुड्यावर उत्पादनाचा महिना पाहा आणि जुना माल असेल तर दुकानदाराला नव्या दराबद्दल स्पष्टपणे विचारा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे कोणी मागितले तर ते देऊ नयेत. ग्राहकांसाठी 1915 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

लहान गावात असा माल सावकाश खपतो, त्यामुळे ‘या तारखेपूर्वी वापरणे उत्तम’ हा मजकूरही वाचावा. महिना-दीड महिना उरलेला पुडा बहुतेक दुकानदार कमी भावात द्यायला तयार होतात, कारण पुढे तो परत करण्याची खटपट त्यांनाच करावी लागते. तुमच्या घरी पुडा आठ दिवसांत संपतो, तेव्हा असा पुडा तुम्हाला सोयीचा आहे. मात्र तो दुकानात उन्हात ठेवलेला नसावा.

अमरावतीबद्दल इतकेच सांगतो की, केवळ फ्लेक्ससाठी जाऊ नये. एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मे तिकीट आहे, म्हणून जायचे झालेच तर यजमानांऐवजी तुम्ही गेलेले बरे. तरीसुद्धा पुड्यामागे वाचणारे पंधरा-वीस रुपये तिकिटात आणि दिवसभराच्या खोटीत जातात. दवाखाना, बँक किंवा बियाण्याच्या निमित्ताने जाणे झाले, तर तेव्हा दोन महिन्यांचा माल एकत्र आणावा.

कपाशीवाला

आमच्या लहानपणी सकाळी दुधात भाकर कुस्करून खाल्ली जायची आणि त्यावर दुपारपर्यंत पोट भरलेले राहायचे. रात्रीची एक भाकर जास्त थापली तर सकाळी कोणतेही काम वाढत नाही. ताई, आपण पुडे पूर्ण बंद करावेत असे मला वाटते. मुले चार दिवस रुसतील आणि पाचव्या दिवशी खातील.

पूर्णाकाठची (दर्यापूर तालुका)

दादा, आपले म्हणणे मला पटते, आणि सुट्टीच्या दिवशी मी दूध-भाकर देतेही. परंतु माझा धाकटा मुलगा अंगाने अशक्त आहे. गेल्या वर्षी तो सलग आठवडाभर न खाता शाळेत गेला आणि प्रार्थनेच्या वेळी भोवळ येऊन पडला, त्यामुळे पाचव्या दिवसापर्यंत वाट पाहण्याचे धैर्य मला होत नाही. आर्वीच्या भाऊंचे उत्तर मी वहीत उतरवून घेतले. माझा साधा पुडा खरोखरच जुन्या छपाईचा निघाला.

धानपट्टा (साकोली)

ताई, तुमच्या मुलाचे वाचून वाईट वाटले. माझ्या मुलीच्या बाबतीत मी जे केले ते सांगते. ते सावकाश होते, पण टिकले.

मी पुडा बंद केला नाही, त्यात भर घातली. पहिल्या आठवड्यात वाटीत तीन भाग फ्लेक्स आणि एक भाग भाजलेले पातळ पोहे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निम्मे-निम्मे, आणि महिनाभरानंतर एक भाग फ्लेक्स व तीन भाग आपले, असे प्रमाण बदलत नेले. वरून दिसायला फ्लेक्सच असावेत म्हणून ते शेवटी घालावेत. चॉकलेटची चव हवी असेल तर साध्या फ्लेक्सवर चमचाभर कोको आणि थोडी पिठीसाखर भुरभुरावी. कोकोचा एक लहान डबा आमच्याकडे तीन महिने पुरतो. ग्रॅमला 52 पैशांचा माल घेण्याची गरज तेवढ्याने संपते.

आमच्या भागात धान पिकते, त्यामुळे पोहे आणि मुरमुरे हे आमच्या हाताशी असलेले फ्लेक्सच आहेत. पोहे धान भिजवून, भाजून आणि दाबून केलेले असतात, म्हणजे ते आधीच शिजण्याच्या वाटेवर असतात. पातळ पोहे मंद आचेवर कढईत हलवत कोरडे भाजले की चुरचुरीत होतात आणि थेट दुधात घालता येतात. जाड पोहे यासाठी घेऊ नयेत, ते दाताखाली चामट लागतात. आमच्या बाजारात छत्तीसगडच्या भाटापाऱ्याहून पुष्कळ पोहे येतात आणि सुटे घेतले तर साठ रुपये किलोच्या आत मिळतात. सुट्या पोह्यांवर आणि मुरमुऱ्यांवर वस्तू व सेवा कर नाही; तेच छापील पुड्यात बांधून आले की 18 जुलै 2022 पासून 5 टक्के कर लागतो. म्हणून जेथे सुटा माल स्वच्छ ठेवलेला असतो अशा दुकानातून तो घ्यावा आणि घरी आणल्यावर चाळून, निवडून, दोन तास ऊन दाखवून डब्यात भरावा.

मुरमुऱ्यांचे मात्र जपून सांगते. ते वजनाला इतके हलके असतात की मूठभरात वाटी भरते आणि पैसे वाचल्यासारखे वाटते, पण तासाभरात मुलाला पुन्हा भूक लागते. त्यांच्याबरोबर सोललेले फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे घालावेतच. फुटाणे महाग वाटले तरी त्यांनीच पोट धरून राहते.

शिवाय दूध उकळते घालू नका. पाश्चात्त्य कंपन्यांचे फ्लेक्स थंड दुधासाठी बनवलेले असतात आणि आपण सवयीने गरम दूध ओततो. त्यात ते क्षणात लगदा होतात आणि मूल निम्मी वाटी टाकून देते. दूध रात्रीच तापवून निवू द्यावे, सकाळी कोमट करावे, मुले पाटावर बसली की मगच ओतावे आणि थोडे थोडे ओतावे. असे करू लागल्यापासून आमच्याकडे दूध वाया जाणे थांबले.

माजी गृहविज्ञान शिक्षिका (अकोला)

पूर्णाकाठच्या ताईंना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मी खेड्यातल्या शाळेत अनेक वर्षे शिकवले असल्यामुळे सकाळच्या प्रार्थनेला भोवळ येणारी मुले मी डोळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून आपण न्याहारी न मोडण्याचा जो आग्रह धरला आहे तो योग्यच आहे. त्याबरोबर, मुलगा पुन्हा अशक्त वाटला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचे रक्त तपासून घ्यावे, ही विनंती.

पुड्यावर घटकांची जी यादी असते ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. चॉकलेटच्या पुड्यावर साखरेचे नाव किती वर आले आहे ते पाहावे आणि शेजारच्या तक्त्यात 100 ग्रॅममागे साखर किती आहे तेही पाहावे. समजा, तेथे 28 ग्रॅम लिहिले असेल, तर तुमच्या मुलाच्या 49 ग्रॅमच्या वाटीत सुमारे 14 ग्रॅम, म्हणजे साडेतीन लहान चमचे साखर गेली. ही साखर आपण किराण्यातल्या साखरेच्या भावाने घेत नाही, फ्लेक्सच्या भावाने घेतो. साधा पुडा घेऊन वरून गूळ किंवा केळ्याचे काप घातले तर पैसे वाचतात आणि गोडी आपल्या हाती राहते.

पुड्याच्या बाजूचीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अनेक फ्लेक्समध्ये लोह आणि जीवनसत्त्वे वरून मिसळलेली असतात, तशी ती पोह्यांत किंवा लाह्यांत नसतात. म्हणून फ्लेक्स कमी करताना ती जागा नुसत्या पोह्यांनी भरू नये. फुटाणे, शेंगदाणे, तीळ यांची जोड द्यावी. कांदेपोहे केले तर वरून लिंबू अवश्य पिळावे, कारण त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र न्याहारीबरोबर देऊ नये, त्याने उलटा परिणाम होतो. आपल्याकडे लहान मुलांनाही सकाळी चहा देण्याची रीत आहे, तिचे मला नेहमी दुःख वाटत आले आहे.

ओट्सचा विचार करत असाल तर साधे, कोणतीही चव नसलेले ओट्स घ्यावेत आणि मसाल्याच्या छोट्या पुड्यांकडे पाहू नये. दोन्हींवरची प्रति ग्रॅम किंमत शेजारी ठेवून वाचली की मीठ-मसाल्यासाठी आपण किती पैसे मोजतो ते ध्यानात येते; तीच चव घरात मोहरी, हळद आणि कांद्याच्या फोडणीने येते. सासूबाईंच्या दातांना साधे ओट्स दुधात शिजवून चांगले चालतील.

परंतु मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते ज्वारीविषयी, कारण पूर्णेच्या खोऱ्यातल्या माणसाने न्याहारीसाठी मका बाहेरून विकत घ्यावा, हे मनाला लागते. सोयाबीन आले, रानडुकरांचा आणि पाखरांचा उपद्रव वाढला आणि ज्वारीचा पेरा आपल्या भागात फार कमी झाला. तरी बाजारात ती अजून मिळते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढेच तंतू असतात. लाह्या म्हणजे हीच सबंध ज्वारी, कोंड्यासकट फुललेली.

ज्वारीच्या लाह्या घरी करता येतात, परंतु त्यासाठी टणक दाण्याची ज्वारी हवी. भाकरीची मऊ ज्वारी नीट फुटत नाही आणि गणंग, म्हणजे न फुललेले दाणे, फार राहतात. बाजारात ‘लाह्यांची ज्वारी’ असे सांगूनच मागावी. ज्वारी निवडून तिच्यावर गरम पाणी शिंपडावे, पाणी निथळू द्यावे, कापडात बांधून रात्रभर ठेवावी आणि सकाळी जाड बुडाच्या कढईत किंवा मातीच्या हंडीत, खूप तापल्यावर, एका वेळी मूठभरच घालून फडक्याच्या बोळ्याने हलवत राहावे. आच कमी पडली की दाणा फुलण्याऐवजी भाजून काळा होतो. भडभुंज्याची भट्टी जवळ असेल तर त्याच्याकडून भाजून आणणे जळणाच्या दृष्टीने अधिक परवडते. जे गणंग उरतील ते टाकू नयेत. लाह्यांच्या चुऱ्याबरोबर चक्कीवर दळून आणावेत, त्या पिठात गूळ आणि दूध किंवा ताक कालवले की सासूबाईंची न्याहारी होते.

उकडपेंडी आपल्याला माहीत आहेच, पण सकाळच्या घाईत पीठ भाजायला वेळ नसतो म्हणून ती मागे पडली. रविवारी दोन वाट्या कणीक किंवा ज्वारीचे पीठ कोरडे खमंग भाजून डब्यात ठेवले, तर सकाळी कांद्याची फोडणी करून, भाजलेले पीठ घालून, आंबट ताकाचा किंवा पाण्याचा हबका देत वाफ आणायला सात-आठ मिनिटे पुरतात. आठवड्यातून दोन दिवस उकडपेंडी झाली तरी महिन्याला आठ वाट्या फ्लेक्स प्रत्येक मुलामागे वाचतात. तुमच्याच हिशेबाने दोन मुलांचे ते साडेतीनशेहून अधिक रुपये होतात.

आर्वीचा दुकानदार

बाईंनी ज्वारीचे सांगितले ते फार चांगले झाले. साठवणीबाबत थोडी भर घालतो. फ्लेक्सचा पुडा फोडल्यावर आतली पिशवी घट्ट दुमडून, चिमटा लावून, पिशवीसकट स्टीलच्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात एक रात्र उघडी राहिली तरी माल सादळतो. सादळलेले फ्लेक्स फेकून देऊ नयेत. कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटे हलवले आणि पूर्ण गार होऊ दिले की पुन्हा कुरकुरीत होतात. उन्हाळ्यात मात्र शेंगदाणे, बदाम असलेली मिश्रणे जास्तीची आणून ठेवू नयेत. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत दाण्यांच्या तेलाला खवट वास लागतो आणि सगळा डबा वाया जातो.

गोंडपिपरीचा वाचक

उधारीच्या खात्यावर पुडे आणत असाल तर ते आधी थांबवा. आमच्या गावात उधारीवर माल देणारा दुकानदार एक रुपयाही सूट देत नाही, आणि महिनाअखेर कोणता पुडा कोणत्या भावाने लागला हे आठवत नाही. मी न्याहारीच्या सामानापुरते पैसे एका वेगळ्या डबीत ठेवतो आणि बाजाराच्या दिवशी त्यातूनच रोख घेतो.

पूर्णाकाठची (दर्यापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. सुमारे पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण महिन्याचा पूर्ण हिशेब हाती आल्यावरच सांगावे असे मनात होते.

या महिन्यात नव्या छपाईचे साध्या कॉर्नफ्लेक्सचे दोन पुडे 330 रुपये, ज्वारीच्या तयार लाह्या एक किलो 120 रुपये, फुटाणे अर्धा किलो 70 रुपये आणि साधे ओट्स अर्धा किलो 95 रुपये, असे एकूण 615 रुपये लागले. चॉकलेटचा पुडा आणि दहा रुपयांच्या पुड्या आणल्या नाहीत. कोकोचा डबा नणंदेने दिला, म्हणून तो हिशेबात नाही. तो विकत घेतला असता तर या महिन्यात आकडा थोडा वर गेला असता. उकडपेंडीचे पीठ घरचेच होते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. मोठ्या मुलीला लाह्यांचे पीठ अजिबात आवडले नाही आणि मी तिला ते पुन्हा दिले नाही. तिला भाजलेले पातळ पोहे आणि केळे चालते. धाकट्याने पहिल्याच दिवशी लाह्या ओळखल्या, पण गूळ किसून घातल्यावर वाटी संपवली. आता तो कोको मागतो तो फक्त सोमवारी आणि गुरुवारी. आरोग्य केंद्रात त्याचे रक्त तपासले. लोह कमी निघाले आणि त्यांनी गोळ्या दिल्या आहेत. बाईंनी सांगितले नसते तर मी ते पुढे ढकलत राहिले असते. त्याचा सकाळचा चहा बंद केला आहे, त्यासाठी यजमानांनीही मुलांसमोर चहा घेणे सोडले.

तयार लाह्या 120 रुपयांना घेतल्या हे सासूबाईंना रुचलेले नाही. त्यांच्या माहेरी नागपंचमीला हंडीत लाह्या फोडत असत आणि ती हंडी माळ्यावर अजून आहे, असे त्यांनी काल सांगितले. मंगळवारच्या बाजारात टणक दाण्याची दोन किलो ज्वारी बघून ठेवली आहे. धानपट्ट्याच्या ताईंना एक विचारायचे राहिले: भाजलेले पातळ पोहे डब्यात किती दिवस चुरचुरीत राहतात, की दर रविवारी नव्याने भाजावेत?

धानपट्टा (साकोली)

ताई, कोरड्या दिवसांत दहा-बारा दिवस राहतात, पावसाळ्यात चार दिवसांच्या वर नाही. भाजल्यावर परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावेत आणि मगच झाकण लावावे; गरम असताना झाकले तर वाफेने त्याच दिवशी मऊ पडतात. धाकट्याची तब्येत कशी आहे ते अधूनमधून कळवत राहा.